लॅपविंगची दारं

ऑब्रीने मला दारं घासायला सांगितली तेव्हा तो रुग्णालयाच्या खाटेवर बसला होता. डावा हात उशीवर ठेवला होता, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला घेतल्यासारखा.

"बारा दिवस आहेत," तो म्हणाला. "मागची दोन दारं, वरचं सरकतं झाकण आणि छपराच्या कडेचा कठडा. बाकी बोट लोखंडी आहे, तिला काही होत नाही. लाकडाकडे मात्र मी तीन वर्षं बघितलेलं नाही. ती बाई यायच्या आत सगळं नीट व्हायला हवं."

"मी करू? अरे, मी जन्मभर कपबशांवर सोन्याच्या रेघा ओढल्यात. सुताराचं काम मला कुठलं येणार?"

"रेघ ओढणारीला घासता येतं, एनिड. घासणाऱ्याला रेघ ओढता येत नाही."

ऑब्री माझा मोठा भाऊ, चौऱ्याहत्तर वर्षांचा. मी त्याच्याहून पाच वर्षांनी लहान. बायको गेल्यावर त्याने घर विकलं, बार्लस्टनजवळ कालव्यावर ही लांब, अरुंद बोट घेतली, आणि तेव्हापासून सव्वीस वर्षं तो तिच्यावरच राहिला. बोटीचं नाव लॅपविंग. जून महिन्यात लॉकचा, म्हणजे बोटी वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या हौदाचा, दरवाजा पाठीने रेटत असताना त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि तो कोसळला. काठावर पडला म्हणून वाचला. दोन हात पलीकडे पडला असता तर खाली लॉकमधलं काळं पाणी होतं. मला हे फोनवर कळलं, पण त्यानंतर कितीतरी दिवस डोळे मिटले की मला तो पाण्यातच दिसायचा.

आता सप्टेंबर उजाडला होता. जीभ ताळ्यावर आली होती, डोकं तर कधी बिघडलंच नव्हतं, पण डावा पाय अजून ओढत होता. रुग्णालयाच्या मिस टॅटन नावाच्या बाई बोट बघायला येणार होत्या. तो तिथे एकटा राहू शकेल की नाही, हे त्या ठरवणार होत्या. त्या नाही म्हणाल्या तर वृद्धाश्रम, नाहीतर माझ्या घरातली पुढची खोली.

त्यांनी नाहीच म्हणावं असं मला मनातून वाटत होतं. हे मी कुणाजवळ बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुना झगा चढवून मी बोटीवर गेले. दारांची दशा भयंकर होती. व्हार्निशचे पापुद्रे सुटले होते, उन्हाने सोललेल्या पाठीसारखे. खालचं लाकूड राखाडी पडलं होतं, आणि बिजागऱ्यांच्या खाली पाणी मुरून काळे डाग उतरले होते. मी ऑब्रीला फोन लावला.

"मशीन लावायचं नाही," तो आधीच सुरू झाला. "खरवडणीने काढ. रेषांच्या दिशेने. आडवी ओढलीस तर मी मेल्यावरही ते ओरखडे मला दिसतील."

"पॉलिश पेपर कुठला घेऊ?"

"आधी ऐंशी नंबरचा, मग एकशेवीसचा. आणि चहा पिताना दारावर कप ठेवू नकोस."

"मी काय वेडी आहे?"

"तू माझ्या टेबलावर ठेवायचीस."

तीन तास खरवडल्यावर एका फळीवरचं राखाडी निघालं आणि आतून मधाच्या रंगाचा ओक वर आला. टणक, ताजा, जणू कालच कापलेला. मी त्यावर तळहात फिरवला. खरं सांगते, आनंद झाला. आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ लक्षात आलं. ही दारं जितकी छान होतील, तितका माझा भाऊ त्या पाण्याच्या जवळ जाईल. मी माझ्याच हाताने त्याची वाट मोकळी करत होते.

तरी चार दिवस काम केलं. काळ्या डागांवर ऑब्रीने सांगितलेलं डाग काढायचं आम्ल ब्रशने लावलं, हातमोजे घालून, आणि डाग फिके पडताना बघत बसले. दाराच्या आतल्या बाजूला त्याने रंगवलेली गुलाबाची फुलं होती, त्यांना हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद होती. काठावरच्या पायवाटेने कुत्रे फिरवणारे लोक जात. कुणी म्हणे, "वा, मस्त चाललंय," आणि मी मान हलवी. बोट थोडी जरी हलली तरी माझा हात आपोआप काहीतरी घट्ट धरायचा.

पाचव्या दिवशी मी असाच कठडा धरला.

हा कठडा छपराच्या कडेला, दाराच्या अगदी शेजारी. बोटीवर चढताना पहिला हात त्यावरच पडतो. लाल रंगात चकचकीत दिसत होता, म्हणून मी तो शेवटी ठेवला होता. तोल सावरायला अंगाचा भार टाकला, तर तो हातात आला. पूर्ण नाही, दोन बोटं उचलला गेला आणि खालून ओला, काळा भुगा पडला. मी गुडघ्यावर बसून स्क्रू ड्रायव्हर टेकवला. जोर करावाच लागला नाही. केकमध्ये सुरी जावी तसा तो मुठीपर्यंत आत गेला. रंगाच्या सालीखाली लाकूड उरलंच नव्हतं. स्क्रू होते, पण ते चिखलात रोवल्यासारखे.

ऑब्री सव्वीस वर्षं रोज सकाळी ह्याच कठड्याला धरून उतरत होता. आता परत आला असता आणि लुळ्या पायाने, एका हाताने ह्याच्यावर भार टाकला असता, तर?

मी किती वेळ तशीच बसून राहिले कोण जाणे. मग हळूहळू दुसराच विचार आला, आणि तो आला तेव्हा मला हायसं वाटलं, ह्याची मला आजही लाज वाटते. मी फोन उचलला.

"ऑब्री, लाकूड गेलंय."

"कुठलं?"

"कठडा. आणि..." मी थांबले. माझ्यासमोर ती दारं उभी होती, स्वच्छ, मधाच्या रंगाची. "आणि दारंही. चौकटीपासून. सगळं कुजलंय आतून."

पलीकडे खाट करकरली.

"स्क्रू ड्रायव्हर किती जातोय?"

"मुठीपर्यंत."

"दारातसुद्धा?"

"हो."

"भुसा तपकिरी आहे की पांढरट, दोऱ्यांसारखा?"

"तपकिरी," मी म्हणाले. काहीतरी म्हणायचं म्हणून.

"चौकटीच्या खालच्या कोपऱ्यातसुद्धा?"

"हो रे. सगळीकडे."

"बरं," ऑब्री म्हणाला. एवढंच. "बरं. मग त्या बाईला सांग, येऊ नका म्हणावं." आणि त्याने फोन ठेवला.

मला वाटलं होतं तो भांडेल. शिव्या देईल, फोटो मागेल, 'तुला काय कळतं' म्हणेल. त्याची उत्तरं मी तयार ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी त्याला भेटायला गेले, तर दाढी वाढलेली, नाश्ता तसाच. व्यायाम घेणारी मुलगी दाराशी कुजबुजली, "काल दुपारपासून उठायलाच तयार नाहीत. काही झालंय का?" मी म्हणाले, "माहीत नाही." तो खिडकीबाहेर बघत होता. मी चीज घातलेले ओटकेक, म्हणजे ओटच्या पिठाची धिरडी, नेले होते, त्याला फार आवडतात. त्याने अर्धा खाल्ला, तोही माझं मन राखायला.

मिस टॅटनना मी फोन केला नाही. का, ते मलाही सांगता येत नव्हतं. आज करू, उद्या करू, असं चाललं होतं.

त्यानंतरच्या सकाळी बोटीवर गेले तर रोवेना माझी वाट बघत उभी होती. रोवेना शेजारच्या बोटीवर राहते. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने दणकट, लोकांच्या बोटींची सुतारकामं करते.

"ऑब्रीचा फोन आला होता," ती म्हणाली. "लॅपविंग मोडीत घ्यायला कुणी आहे का, विचारत होता."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

तिने पुढे होऊन एका दारावर बोटांच्या पेरांनी टकटक केली. मग दुसऱ्यावर. मग वाकून चौकटीचा खालचा कोपरा अंगठ्याने दाबला. लाकूड खणखणत होतं.

"हे कुजलंय?"

"कठडा कुजलाय," मी म्हणाले.

"कठडा मी बघितला. कठडा कुणाचाही कुजतो. मी दारांचं विचारतेय, एनिड."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"तो पाण्यात पडेल, रोवेना," मी शेवटी म्हणाले. "एक दिवस सकाळी तू मला फोन करशील. मला तो फोन नकोय."

"मलाही तो करायचा नाहीये." तिने हात झटकले. "हे बघ, कठडा मी नवा करते. ओकचा, आरपार बोल्ट टाकून, आतून पत्र्याची पट्टी लावून. त्याला बैल बांधलास तरी हलणार नाही. पण ऑब्रीला जाऊन सांगायचं तू. फोनवर नाही. समोर बसून."

मी तशीच, झग्यावर भुसा घेऊन, बस पकडून रुग्णालयात गेले. वाटेत शंभर वाक्यं जुळवली. खाटेपाशी पोचल्यावर एकही आठवलं नाही.

"दारं चांगली आहेत," मी म्हणाले. "मी खोटं बोलले. कठडा खरंच गेलाय. पण दारं चांगली आहेत."

ऑब्रीने मान वळवली. त्याचा चेहरा आधी कोरा होता, मग लुळ्या डाव्या बाजूला न चढलेला राग उजव्या बाजूला चढला.

"ती दारं मी केलीत," तो म्हणाला. "एकोणीस वर्षांपूर्वी, ह्या हातांनी. दोन रात्री मी इथे पडून विचार करतोय, पाणी कुठून शिरलं. कुठला सांधा मी चुकवला. ओक असा तपकिरी भुसा होऊन कुजत नाही, मग मी कुठलं लाकूड ओक म्हणून घेतलं? मला वाटलं माझं डोकंही गेलं. पायासारखं."

"तू मला खोटी का नाही म्हणालास?"

"तू खोटं बोलशील असं डोक्यातच आलं नाही."

ह्यावर मी रडले. त्याने रडू दिलं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

"भीती वाटते तर भीती वाटते म्हण," ऑब्री थोड्या वेळाने म्हणाला. "लाकडावर कशाला ढकलतेस?"

"वाटते."

"कसली?"

"पाण्याची. तुझ्या पायाची. सकाळच्या फोनची. हिवाळ्यात काठावर बर्फ होतो त्याची. सगळ्याची."

"मलाही वाटते," तो म्हणाला. इतक्या साध्या आवाजात, की आधी मला मी चुकीचं ऐकलंसं वाटलं. "पण ते मी ठरवणार. तू माझ्या दारांवर आळ घेऊन ठरवायचं नाही. जा आता. दव पडायच्या आत व्हार्निशचा एक हात होईल."

मी गेले, आणि त्याने सांगितलं होतं त्याच्या नेमकं उलट केलं. पोचायला चार वाजले, व्हार्निश सुकायच्या आत दव पडणार हे दिसत होतं. खरं तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायला हवं होतं. पण मिस टॅटन यायला पाच दिवस उरले होते आणि दोन दिवस मी फुकट घालवले होते. म्हणून घाईघाईने दोन्ही दारांवर हात मारला. रात्री घरी मी झोपेतून उठून उठून खिडकी बघत होते, धुकं आहे का. सकाळी बोटीवर गेले तर दारं दवाने पांढुरकी झालेली, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांसारखी.

"दूध ओतलंस काय गं?" रोवेना तिच्या बोटीवरून ओरडली.

"हसू नकोस. आता काय करू?"

"काय करणार? घास परत."

मी परत घासलं. ह्या वेळी दहाच्या आधी सुरू केलं नाही आणि दोनच्या पुढे ब्रशला हात लावला नाही. पातळ हात, रेषेच्या बाजूने, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता. इथे मात्र कपबशांच्या कारखान्यातली एकतीस वर्षं कामी आली. श्वास रोखून रेघ ओढायची सवय होती. फळ्यांची उघडी टोकं, जिथून पाणी आत शिरतं, ती तीन-तीनदा भिजवली. मंगळवारी पाऊस आला, तेव्हा मी आणि रोवेनाने ताडपत्री धरून ठेवली, वारा ती उडवून नेत होता आणि आम्ही दोघी तिला लोंबकळत होतो. रोवेनाचा कठडा बुधवारी बसला. मी त्याला धरून पूर्ण अंग मागे टाकून बघितलं. दहा वेळा तरी. रोवेना म्हणाली, "पुरे, आता बोटच उलटवशील."

गुरुवारी अकरा वाजता रुग्णालयाची गाडी ऑब्री आणि मिस टॅटनना घेऊन आली. मिस टॅटन साधारण चाळिशीच्या, हातात फाइल, पायात चिखलाचे बूट. ऑब्रीने स्वच्छ दाढी केली होती. काठी टेकत तो पायवाटेवर उभा राहिला आणि दारांकडे बघत राहिला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"झाकणाच्या उजव्या कोपऱ्यात एक केस चिकटलाय," तो म्हणाला.

"ब्रशचा आहे."

"दिसतंय ते." मग हळूच, "छान झालंय."

त्याने उजव्या हाताने कठडा धरला आणि चांगला पाय उचलून बोटीवर ठेवला. नेमकी तेव्हाच भाड्याची एक बोट जोरात शेजारून गेली. चालवणाऱ्याला काय माहीत. पाणी ओढलं गेलं, लॅपविंगचे दोर ताणले, आणि बोट काठापासून वीतभर सरकली. ऑब्रीचा एक पाय बोटीवर, डावा अजून काठावर, मध्ये पाणी. मी तोंडावर हात दाबला. रोवेना एक पाऊल पुढे आली आणि थांबली. मिस टॅटनचं पेन हवेत होतं.

तो हलला नाही. कठड्यावरची बोटं पांढरी पडली. बोट परत काठाला लागेपर्यंत तो तसाच उभा राहिला, मग डावा पाय ओढून घेतला.

"असे गाढव रोज जातात," तो मिस टॅटनना म्हणाला.

आत दोन पायऱ्या उतरून तो त्याच्या बाकावर बसला. मिस टॅटन पुढे स्वयंपाकघर बघायला गेल्या. मी दारात उभी होते. मग मला दिसलं, तो उठायचा प्रयत्न करतोय. एकदा उठला, परत बसला. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा कपाळावर घाम आला. मी हात पुढे केला, त्याने मान हलवून नको म्हटलं. चौथ्यांदा तो उभा राहिला आणि दाराची चौकट धरून श्वास घेत राहिला.

मिस टॅटन परत आल्या. "खरं सांगते, मी नाही म्हणायच्या तयारीने आले होते. पण चढणं-उतरणं बघून मला वाटतं, काही अटी घालून..."

"थांबा," ऑब्री म्हणाला. "बोटीत खोट नाही. माझ्यात आहे. आत्ता मला बाकावरून उठायला चार खेपा लागल्या. हिने बघितलंय. तुम्ही मार्चमध्ये या."

मिस टॅटननी माझ्याकडे बघितलं. मला हवं होतं ते माझ्या हातात आलं होतं, आणि मला ते धरवेना. मी नुसती मान डोलावली.

तो हिवाळा त्याने माझ्या पुढच्या खोलीत काढला. आम्ही रेडिओवरून भांडलो, चहा किती मुरवायचा ह्यावरून भांडलो, खिडकी उघडी ठेवण्यावरून तर रोजच. पण जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून उठायचा व्यायाम तो सकाळ-संध्याकाळ करायचा, मोठ्याने आकडे म्हणत, आणि मी स्वयंपाकघरात भांडी घासत ते आकडे मनात त्याच्याबरोबर म्हणायचे. आकडा थांबला की माझा हात थांबायचा. दर रविवारी मी बोटीवर जाऊन दारं पुसून यायचे. मार्चमध्ये मिस टॅटन आल्या. तो दुसऱ्या खेपेला उठला. पहिल्या खेपेला नाही, पण त्या म्हणाल्या, चालेल.

एप्रिलमध्ये तो परत गेला. रोज सकाळी आठला मी फोन करायचा आणि त्याने उचलायचा, असं ठरलं. पहिले दहा दिवस उचलला. अकराव्या दिवशी घंटी वाजतच राहिली. मी पाच वेळा लावला. रोवेनाचाही लागेना. पायात घरातल्या चपला, तशीच शेजाऱ्याला गाठून त्याच्या गाडीतून निघाले. सगळ्या वाटेने मी बोलत होते, पण काय बोलत होते ते मला माहीत नाही. पुलापाशी गाडी थांबली आणि मी पायवाटेने धावले. मी सत्तरीला टेकलेली बाई, धावले.

ऑब्री आणि रोवेना काठावरच्या बाकावर बसून ओटकेक खात होते. दोघांचेही फोन आत चार्जिंगला होते.

"एनिड?" ऑब्री म्हणाला. "आज कशी काय?"

मी त्याच्याकडे बघितलं आणि तोंडाला येईल ते बोलले. इतकं, की पलीकडच्या काठावर मासे धरणारा माणूस उठून उभा राहिला. ऑब्रीने सगळं ऐकून घेतलं. मग सरकून बाकावर जागा केली.

तेव्हापासून तो फोन खिशात ठेवायला लागला, आणि पुढच्याच आठवड्यात तो खिशातून कालव्यात पडला. आता रोवेनाने नव्या फोनला दोरी लावून तो त्याच्या गळ्यात अडकवलाय. गळ्यात घंटा बांधलेल्या गायीसारखं वाटतं, असं तो दर भेटीत कुरकुरतो. पण आठला उचलतो.